नारळ उभा राहतो. पाणी लागतेच असे नाही

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोरेगाव लागते. तालुक्याचे गाव. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनच एखादी बोडी, एखादा मामा तलाव. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला सांगूनही खरे वाटणार नाही, की याच मुलखात मे महिन्यात बाया गुंड घेऊन सरकारी बोरिंगवर पहाटेपासून नंबर लावतात.

या तालुक्यातल्या एका खेड्यात माझी मावसबहीण राहते. दीड एकर धानाची शेती. रोवणी-कापणी आटोपली की नवरा गोंदियाला मिस्त्रीच्या हाताखाली जातो, उन्हाळ्यात दोघेही तेंदूपत्त्याला. तीन वर्षे पैसा-पैसा मागे टाकला, उरलेले बचत गटातून उचलले आणि घरामागच्या वाडीत बोअर मारायचे ठरवले. घरात म्हातारी सासू आहे. लहानपणी गावविहिरीच्या खाली उभे राहून, कुणी वरून पाणी ओतेल का म्हणून वाट पाहिलेली बाई. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातल्या बाईला दारातल्या पाण्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

बोअरची गाडी बोलावण्याआधी 'पाणी पाहणारा' बोलावला. कुणी त्याला पाणाड्या म्हणतात. हा माणूस पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. पायाळू माणसाला जमिनीतले पाणी कळते, असा समज आपल्याकडे जुना आहे. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि वाडीत चालू लागला. चालता चालता एका जागी नारळ हळूहळू उठला आणि उभा राहिला. लोकांनी श्वास रोखला. त्याने टाचेने खूण केली. "इथंच लागते जी. अस्सी फुटावर धार आहे."

रात्री गाडी आली. ऐंशी फूट गेले, शंभर गेले, दोनशे चाळीस फूट गेले. नुसती पांढरी धूळ. गाडीवाल्याचा हिशेब फुटावर असतो; पाणी लागो न लागो, पैसे मोजावेच लागतात. सकाळी पाणाड्याला पुन्हा आणले. त्याने सांगितले, गाडी खुणेपासून हातभर सरकली, नस चुकली. दुसरी जागा दाखवली. तिथे एकशे ऐंशी फुटांवर पाणी लागले. दोन गुंड भरले आणि बोअर कोरडे पडले. बहिणीच्या कानातले गेले. बचत गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला चालू आहे.

दर पौर्णिमेला विहारात कालामांची गोष्ट ऐकणारी आपण माणसे. ऐकीव आहे, जुने आहे, मोठा माणूस सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. पण बोअरची गाडी दारात आली की आपणच नारळ घेऊन उभे असतो. म्हणून हा विषय कुणाला हिणवण्यासाठी नव्हे, घरातला म्हणून लिहितो आहे.

जमिनीखाली नद्या वाहत नाहीत

पाणाडे 'नस', 'धार', 'झरा' असे शब्द वापरतात. त्यामुळे जमिनीखाली नळासारख्या धारा वाहतात आणि नेमक्या त्यांच्यावरच भोक पडले पाहिजे, असे चित्र डोक्यात बसते. गोंदिया जिल्ह्याची जमीन तशी नाही. पश्चिम महाराष्ट्रात काळा बेसाल्ट आहे. आपल्याकडे त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट, नाइस असा कठीण खडक आहे. या खडकाचा वरचा थर ऊन-पावसाने कुजून, फुटून मुरमासारखा झालेला असतो. पावसाचे पाणी या थरात मुरून साठते. त्याखाली अखंड खडक लागतो. त्यात पाणी असते ते फक्त भेगांमध्ये, आणि जसजसे खोल जावे तसतशा भेगा साधारणपणे कमी आणि अरुंद होतात. 'अजून पन्नास फूट मारा, लागेल' हा सल्ला म्हणूनच अनेकदा गाडीवाल्याच्या फायद्याचा ठरतो.

आता याचा अर्थ नीट पाहा. जिथे कुजलेल्या खडकाचा थर जाड आहे, तिथे शेजारी-शेजारी कुठेही खणले तरी थोडेफार पाणी मिळण्याचा संभव चांगला असतो. अशा गावात पाणाडा कुठेही टाच मारो, पाणी लागते आणि त्याचे नाव होते. जिथे थर पातळ आहे तिथे तोच पाणाडा, तोच नारळ, आणि बोअर कोरडे. म्हणून पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याने न दाखवलेल्या जागी ते लागले नसते का, हे विचारायला हवे. तो प्रश्न कुणी विचारत नाही, कारण न दाखवलेल्या जागी पदरचे पैसे घालून कोण खणणार?

शिवाय पाणी लागलेल्या बोअरवर मोटार बसते. येणारा-जाणारा विचारतो, पाणी कुणी पाहिले? नाव सांगितले जाते. कोरड्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर गवत उगवते. त्याची जाहिरात होत नाही.

एक गोष्ट मात्र पाणाड्याच्या बाजूने सांगायला हवी. तो बहुधा शेतकरी असतो, आयुष्य मातीत गेलेले. उतार कुठे, उन्हाळ्यात गवत कुठे हिरवे राहते, उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, हे त्याचा डोळा टिपतो. याच मुलखात गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी शेकडो तलाव बांधले, ते जमिनीचा उतार आणि पाण्याची वाट वाचूनच. ते ज्ञान खरे आहे. पाणाड्याचा डोळा कधी कधी बरोबर ठरत असेल, पण श्रेय घेऊन जातो नारळ.

हात फसवतो, माणूस नव्हे

मी त्या पाणाड्याला भेटायला गेलो, तेव्हा मनात राग होता. घर पाहिले आणि राग ओसरला. कुडाच्या भिंती, कवेलूचे छप्पर. लोक देतील ते घेतो. पाचशेच्या वर मागत नाही. "मी खोटा मानूस नाही जी," तो म्हणाला, "माह्या हातात नारळ सोताच उठते. मी उठवत नाही."

मला त्याचे म्हणणे खरे वाटते. नारळ तोच उठवतो, पण त्याला ते कळत नाही. हे कोडे सोडवायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. फ्रान्सचा शेव्रल हा चरबी आणि साबणाच्या रसायनशास्त्रातला मोठा माणूस. दोऱ्याला टांगलेला लंबक पाऱ्यावर धरला की आपोआप झुलतो, असे त्या काळी मानत. शेव्रलच्या हातातही तो झुलला. मध्ये काच धरली की थांबला. दुसरा कुणी असता तर 'काच शक्ती अडवते' असे जाहीर करून मोकळा झाला असता. शेव्रलने हाताला आधार दिला, तेव्हा झुलणे कमी झाले. मग त्याने स्वतःचे डोळे बांधले आणि काच कधी घालायची, कधी काढायची हे दुसऱ्याच्या हाती सोपवले. आता काचेचा काहीच परिणाम दिसेना. लंबक झुलत होता तो त्याच्या स्वतःच्या अपेक्षेने. १८३३ साली त्याने हे छापले. पुढे १८५३ मध्ये इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेने 'आत्मे मेज फिरवतात' या खुळाची परीक्षा घेतली. मेजावर पुठ्ठ्याचे थर मऊ डिंकाने चिकटवून त्यावर लोकांना हात ठेवायला लावले. वरचा पुठ्ठा खालच्यापेक्षा जास्त सरकला, म्हणजे आधी हात ढकलत होते आणि मेज मागून जात होते. बसलेली माणसे मात्र शपथेवर सांगत होती की आम्ही काही केले नाही. प्लँचेटची वाटी फिरते तीही अशीच.

घरी करून पाहा, मुलांना बरोबर घ्या. वीतभर दोऱ्याला अंगठी बांधा. कागदावर एक उभी रेघ काढा. कोपर कशावरही न टेकता अंगठी रेघेवर धरा आणि मनात म्हणा, रेघेवरून झुल. हात मुळीच हलवू नका. थोड्या वेळात अंगठी झुलू लागेल. मग मनात म्हणा, आडवी झुल. बहुतेकांची अंगठी दिशा बदलते. आता डोळे मिटा आणि दुसऱ्याला कागद गुपचूप फिरवायला सांगा. रेघ एकीकडे राहील, अंगठी दुसरीकडे झुलत राहील.

तळहातावरचा नारळ किंवा ताणून धरलेली कडुलिंबाची दुबेळकी काठी ही अशीच अवघड तोलावर असते. मनगट जरासे वळले तरी ती झटक्यात फिरते. हात हलला एवढासा, काठी फिरली एवढी मोठी. धरणाऱ्यालाही वाटते, कुणीतरी ओढले.

परीक्षा कशी घेतात

पाणाडे जगभर आहेत. जर्मनीत सरकारी पैशातून १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका दुमजली कोठारात परीक्षा झाली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप एका गाड्यावर ठेवून दर वेळी जागा बदलायची, वरच्या मजल्यावरून पाणाड्याने जागा सांगायची. सुमारे ५०० पाणाड्यांतून ४३ जण निवडले आणि ८४३ वेळा चाचणी घेतली. घेणाऱ्यांनीच लिहिले की बहुतेकांना काही जमले नाही, पण सहाजणांत काहीतरी दिसते. पुढे १९९९ मध्ये एनराइट नावाच्या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. ते सहाजण एका फेरीत बरे ठरले तर पुढच्या फेरीत चुकत होते. अंदाजपंचे बोलणाऱ्याचेही असेच होते.

१९९० मध्ये जर्मनीतल्याच कासेल गावी दुसरी परीक्षा झाली. पन्नास सेंटिमीटर खोल पाइप पुरला, त्यातले पाणी चालू-बंद करता येत होते. सुमारे ३० पाणाड्यांनी फक्त पाणी वाहते आहे की नाही एवढेच सांगायचे. परीक्षा योग्य आहे हे सर्वांनी आधी मान्य केले होते, आपण यशस्वी होणार याचीही त्यांना खात्री होती. निकाल नाणे उडवल्यासारखाच लागला.

'ती गोऱ्यांची परीक्षा, आपल्याकडचे वेगळे' असे कुणी म्हणेल. मग आपल्या महाराष्ट्रातलीच एक घ्या. विषय पाण्याचा नव्हता, पत्रिकेचा होता, पण परीक्षेचे शास्त्र तेच. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांना आवाहन केले. घाटपांडे स्वतः पूर्वी ज्योतिष पाहत. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवायच्या आणि त्याने फक्त एवढेच सांगायचे, हे मूल हुशार की मतिमंद? ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे धाडली. नाणे उडवून ४० पैकी २० बरोबर येतात. या मंडळींची सरासरी ४६ टक्के, म्हणजे विसाहूनही कमी. सर्वांत चांगल्या ज्योतिषाची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, १०२ बरोबर. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

या परीक्षांमध्ये महागडे यंत्र कुठेच नाही. काय झाले तर खरे आणि काय झाले तर खोटे, हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवले. उत्तर माहीत असलेला माणूस समोर ठेवला नाही. बरोबर आलेले मोजले, तसे चुकलेलेही मोजले. बहिणीच्या वाडीत यातले एकही घडले नव्हते. दुसऱ्या दिवशी 'गाडी हातभर सरकली' हे कारण निघाले, तेव्हा कुणाला म्हणता आले नाही की बाबा, हे काल ठरले नव्हते.

काठीचे बळी

नारळाने दोन बोअर वाया गेले. काठीने माणसेही मेली आहेत. इंग्लंडच्या जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या माणसाने 'एडीई ६५१' नावाचे बॉम्ब शोधायचे यंत्र इराकला विकले. प्लॅस्टिकची मूठ आणि तिच्यावर बिजागरीने सैल बसवलेली एक तार. आत बॅटरीसुद्धा नव्हती. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधून देते म्हणून विकल्या जाणाऱ्या वीसेक डॉलरच्या खेळण्यावरून ते बनवले होते आणि एकेकासाठी हजारो डॉलर घेतले. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ती मूठ धरून गाड्यांसमोरून चालत. तार वळली तर गाडी तपासायची. आपल्या पाणाड्याच्या काठीचीच ती साहेबी आवृत्ती. बॉम्ब भरलेल्या गाड्या त्या नाक्यांवरून सुटल्या आणि बाजारात फुटल्या. २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. काठी धरून उन्हात उभा राहिलेला शिपाई बिचारा प्रामाणिकच होता.

आपल्याकडे पायाळूपणाच्या समजाला याहूनही काळी बाजू आहे. पायाळूला जसे पाणी कळते तसे गुप्तधनही कळते असे मानतात, आणि गुप्तधनाच्या नादात माणसे बळीपर्यंत जातात. डॉ. दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. मौल्यवान वस्तू, गुप्तधन, पाण्याचा साठा यांच्या शोधासाठी करणी-भानामतीच्या नावाने केलेली अमानुष, अघोरी कृत्ये त्यात गुन्हा ठरवली आहेत; शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. नुसता नारळ हातावर घेऊन फिरणे हा गुन्हा नाही, आणि तसा तो असावा असे मला वाटतही नाही. पण घरात पायाळू मूल असेल आणि कुणी 'जरा रात्रीपुरते द्या' म्हणत आले, तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि पोलिसांना कळवा.

मग पाणी पाहायचे कुणी?

राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिचे भूवैज्ञानिक गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन, आपल्या गावात कुजलेल्या खडकाचा थर किती जाड आहे, पाणी उन्हाळ्यात किती खाली जाते, बोअर बरे की विहीर बरी, हे विचारता येते. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडतात आणि जमीन तिला किती अडवते ते मोजतात. ओला, कुजलेला खडक कमी अडवतो, कोरा कठीण खडक जास्त. हेही अचूक नाही. चिकणमातीही वीज कमी अडवते आणि भूवैज्ञानिक फसतो. पण तो फसला तर कागदावर फसतो आणि पुढच्या वेळी तो कागद कामी येतो. शिवाय कधी कधी तो सरळ सांगतो, इथे बोअर मारू नका. असे सांगणारा पाणाडा मी अजून पाहिला नाही.

आणि शेजाऱ्याला विचारायला तर पैसेही लागत नाहीत. बहिणीच्या गावात कोणत्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते, कुणाचे बोअर कोरडे गेले, किती फुटांवर खडक लागला, हे सगळे लोकांना ठाऊक होते. कुणी एका वहीत लिहिले नव्हते, एवढेच. आता तिच्या थोरल्या मुलीने वही घातली आहे. आठवीत आहे. बावीस घरे झाली. त्यात कोरड्या बोअरची पाने वेगळी आहेत आणि ती निम्म्याहून थोडीच कमी आहेत.

त्या पाणाड्याकडे मी पुन्हा गेलो. म्हटले, दहा घागरी झाकून ठेवतो, एकीतच पाणी, नारळाने सांगा. तो हसला. "घागरीतलं पानी येगळं अन् भुईतलं पानी येगळं." मला त्याचे म्हणणे पटले. परीक्षा त्यालाही मान्य हवी. मग मी विचारले, एक बांधी निवडू. उघड्या डोळ्यांनी चाला, नारळ उठेल तिथे मी जमिनीबरोबर खुंटी पुरतो. मग डोळे बांधून पुन्हा चाला, पाच वेळा. पाणी भुईतलेच आहे, ते काही जागा सोडून जाणार नाही. नारळ त्याच खुंटीवर उठला पाहिजे. किती हातांचा फरक चालेल ते तुम्हीच सांगा.

तो बराच वेळ विचार करत बसला. बायकोने चहा आणला. मग म्हणाला, दोन हात. त्याच्या वर गेलो तर चुकलो म्हणा.

रोवणी आटोपल्यावर करायचे ठरले आहे. बहिणीची मुलगी वही घेऊन येणार. निघताना तो कुंपणापर्यंत आला आणि म्हणाला, "नारळ मी आनतो जी. रुमाल तुमी आना."